सावरीची गादी

१

नौपाड्यातल्या आनंद कारखानीस वकिलांनी मोटार घेतली तेव्हा निम्मी आळी ती पाहायला आली आणि जाताना चहा पिऊन गेली. मोटार म्हणजे एक जुनी ऑस्टिन. मुंबईचे एक पारशी गृहस्थ म्हातारपणी ती विकून टाकत होते आणि वकिलांना ठाण्याच्या कोर्टातून कल्याणच्या कोर्टात जायला काहीतरी हवंच होतं. इंजिन ठणठणीत होतं, रंगही बरा होता. सीटची मात्र पार दैना झालेली. काथ्या बाहेर डोकावत होता, आणि मागच्या सीटची एक स्प्रिंग अशी वर आली होती की पाहुण्याला बसवताना वकील स्वतः त्याचा दंड धरून त्याला तिच्यापासून वाचवत.

मग सीटचं काय करायचं यावर घरात खल सुरू झाला. शेजारचे त्र्यंबकराव म्हणाले, चामडं घाला, चामड्याला तोड नाही. त्यावर वकिलांच्या आई गोदाबाई म्हणाल्या की देवदर्शनाला निघालेल्या बाईने चामड्यावर बसायचं असेल तर ती पायी जाईल. खाकी ड्रिलचे अभ्रे शिवावेत, दर आठवड्याला धुता येतील, असंही निघालं. पण मग गाडी पोलीसखात्याची वाटेल. मखमल घेतली तर वरातीची. कुणीतरी सुचवलं की कुर्ल्याच्या भंगारात मोडलेल्या गाड्यांच्या अख्ख्या सीटा मिळतात, तीच एक आणून बसवा. हे मात्र वकिलांना अजिबात पटलं नाही. कोण कुठला माणूस तिच्यावर बसलेला असेल, ती सीट आपल्या घरात कशाला, असं ते म्हणाले.

शेवटी रेक्झीन ठरलं, लालसर तपकिरी रंगाचं. काम स्टेशनजवळच्या विश्रामला दिलं. त्याने उमर घोडागाड्यांच्या गाद्या भरण्यात घालवली होती आणि आता घोडे कमी झाल्यामुळे तो मोटारींकडे वळला होता. त्याने मागची सीट दाबून पाहिली आणि वकिलांच्या बायकोला, सुमेधाला, सांगितलं की नुसत्या काथ्यावर रेक्झीन चढवलं तर हाडं दुखतील. वर कापसाचा थर हवा. घरात सावरीचा कापूस असला तर लोण्यासारखी सीट करून देतो.

सावरीचा कापूस घरात होता. माळ्यावर, चादरीत गुंडाळून ठेवलेल्या गादीत.

ती गादी हेमाची. हेमा ही वकिलांची पहिली बायको. लग्नात कल्याणहून, तिच्या माहेराहून ती गादी आली होती. हेमा बाळंतपणात गेली, पोटातलं मूलही गेलं. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, तेराव्याला शय्यादान करून टाकावं, ही रीत गोदाबाईंना काय ठाऊक नव्हती? पण कारखानिसांच्या घरात काटकसरीला देवाइतकाच मान. दान म्हणून नवी कोरी गादी दिली, ती दिसायलाही बरी दिसली. हेमाने प्राण सोडला तो इस्पितळाच्या खाटेवर, तेव्हा घरच्या गादीला कसला दोष, असं सगळ्यांनी स्वतःला समजावलं. आणि सावरीचा कापूस काय कुणी उकिरड्यावर टाकतं?

गेल्या वर्षी या घरात आलेल्या सुमेधाला ती गादी माळ्यावर आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टाकायला सांगण्याचा धीर तिला झाला नव्हता. विश्रामने कापसाचं नाव काढल्याबरोबर ती शिडी लावून वर चढली. गादी घरातून जाईल आणि कामालाही येईल, याचा तिला मनापासून आनंद झाला.

२

सीट तयार होऊन आली ती खरोखर देखणी होती. वकील तिच्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. नवं रेक्झीन दर वेळी कुरकुरलं. विश्राम म्हणाला, महिनाभर बोलेल, मग गप्प बसेल.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे. एक दिवस दुपारी सुमेधा शेडशेजारी कपडे वाळत घालत होती. वकील त्या दिवशी पायीच कोर्टात गेले होते आणि सासूबाई आत झोपल्या होत्या. शेडमधून रेक्झीन कुरकुरल्याचा आवाज आला. बराच वेळ एकाच जागी बसलेल्या माणसाने अंग सावरून घ्यावं, तसा. मांजर शिरलं असेल म्हणून ती हुसकायला गेली. काचा बंद होत्या आणि आत मांजर नव्हतं.

मागच्या सीटवर, डावीकडच्या खिडकीजवळ, एक खळगा पडला होता.

सुमेधा लग्नाआधी शाळेत शिकवत होती. तिला कारणं शोधायची सवय होती. कापूस बसला असेल, असं म्हणून तिने दार उघडलं आणि आजूबाजूने थोपटून तो खळगा सारखा केला. पत्रा तापला होता, रेक्झीनला हात लावला तर चटका बसत होता. त्या जागी मात्र ते नुसतं कोमट होतं, आत्ताच कुणी पाटावरून उठावं आणि पाटाला अंगाची ऊब राहावी तसं.

दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा तिथेच. वकिलांना विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, वकिलांकडे ते असतंच. सावर हलकी असते, नवी गादी अंग चोरते, त्यात काय विशेष. सुमेधाला हे पटायला हवं होतं. पण कापूस बसतो तो कुठेही बसतो. या खळग्याच्या वर, पाठीच्या बाजूला, आणखी एक उथळ खळगा होता. दोन्ही मिळून एका माणसाचं बसणं होतं, पाठ जरा मागे रेलून, अवघडल्यासारखं.

३

हेमाची मुलगी नीला. सहा वर्षांची होती. तिने सुमेधाला कधी त्रास दिला नाही, आणि सुमेधाचं दुःख नेमकं तेच होतं. सांगितलेलं ऐकायची, ताटातलं संपवायची, वेणी घालून घ्यायची. पण हाक मारायची नाही. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची. सुमेधाने तिच्यासाठी फ्रॉक शिवले, गोष्टी सांगितल्या, आजारपणात रात्री जागवल्या. लोक म्हणत, सावत्र असून किती करते. तिला लोकांचं कौतुक नको होतं. ही पोर एकदा आपणहून येऊन कुशीत शिरावी, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती कितीही थांबायला तयार होती.

गाडीची सीट झाल्यापासून नीला शाळेतून आली की थेट शेडमध्ये जाऊ लागली. मागच्या सीटवर, उजवीकडे बसायची. सुरुवातीला सुमेधाला बरंच वाटलं. पोर हसताना ऐकू येत होती. एकटीच खेळते, मुलं खेळतातच, असं म्हणून तिने काणाडोळा केला.

मग नीलाचं जेवण सुटलं. पानावर बसवलं की म्हणायची, माझं झालंय. कुणी दिलं म्हटलं तर गप्प. अंग उतरलं, डोळे मोठे दिसायला लागले. डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि हवापालट सुचवला. पोरीला ताप नव्हता, खोकला नव्हता, दुखणं म्हणून काही नव्हतंच. ती नुसती कमी कमी होत चालली होती. संध्याकाळी तिला गाडीतून बाहेर काढणं रोज थोडं जास्त अवघड होत होतं.

एकदा तिने दाराचा पट्टा धरून ठेवला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "आम्हांला कल्याणला जायचंय. गाडी कधी निघणार, तुम्ही सांगा ना."

"आम्हांला म्हणजे कुणाला गं?"

नीलाने तिच्याकडे पाहिलं. मग आपले पाय आखडून घेतले आणि खिडकीकडच्या बाजूला थोडी जागा करून दिली.

४

सुमेधाने विश्रामला बोलावलं. खळगा पाहून तो दुखावला. माझ्या हातची सीट अशी बसत नाही, म्हणाला. शेडमध्येच त्याने शिवण उसवली, कापूस बाहेर काढून मोकळा केला, पुन्हा एकसारखा भरला आणि दाभणाने टाके घातले. सीट पाटासारखी सपाट झाली. सुमेधाने त्याला चहा दिला. तो शेडच्या दाराशी उकिडवा बसून बशीतून चहा पीत होता, ती बाजूला उभी होती. गाडीत कुणीच नव्हतं.

रेक्झीन कुरकुरलं. दोघांनी एकदमच मान वळवली. खिडकीजवळची सीट हळूहळू, टेकत टेकत, खाली जात होती.

विश्रामने बशी खाली ठेवली. 

"बाई," तो म्हणाला, "ह्या कापसावर कोण निजायचं?"

सुमेधाने सांगितलं. त्याने मान डोलावली. उद्या येतो, सगळा कापूस काढतो, नुसता काथ्या भरतो, असं म्हणून तो गेला. दाभण तिथेच विसरला.

त्या दुपारी नीला नेहमीप्रमाणे शेडमध्ये गेली. सुमेधाने अडवलं नाही. उद्या हे सगळं संपणार होतं. थोड्या वेळाने ती दुधाचा पेला घेऊन गेली आणि काचेतून आत पाहिलं.

नीला सीटवर आडवी झोपली होती. पाय उजव्या दाराकडे, डोकं डावीकडे, त्या खळग्याच्या बाजूला. पण तिचं डोकं सीटवर टेकलेलं नव्हतं. ते सीटपासून वीतभर वर होतं आणि तिथेच स्वस्थ टेकलं होतं. वेणी खाली लोंबत होती. तिची रिबीन सुटली होती आणि केसांचे पेड, खालपासून वर, एकेक करून सुटत होते. घाई नव्हती. कुणीतरी गुंता न ओढता, पोर जागी होणार नाही अशा बेताने ते सोडवत होतं.

 पेल्यातलं दूध सुमेधाच्या हातावर सांडलं. ती पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे आली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. भीती वाटत होती, फार वाटत होती. पण त्या भीतीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला जास्त बोचत होती. नीलाचे केस सोडवताना तिच्या हातून इतकी माया कधी सांडली नव्हती. पोर तिला तेवढं जवळच येऊ देत नसे.

५

सुमेधाने सासूबाईंना काय पाहिलं ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं, नीला सारखं कल्याणला जायचं का म्हणते.

गोदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं की दुसऱ्या खेपेला हेमाला माहेरी जायचं होतं. पहिलं बाळंतपण कल्याणला झालं, दुसरं सासरी, हे तिला मान्य नव्हतं. तिला भीती वाटत होती आणि आई जवळ हवी होती. आनंद म्हणाला, ठाण्यात चांगलं इस्पितळ असताना तिकडच्या सुईणीच्या हाती कशाला जायचं. त्याचं काही चुकलं नाही, गोदाबाई म्हणाल्या, त्याने भल्यासाठीच केलं. हेमा ट्रंक भरून दोन दिवस ओटीवर बसून होती. नंतर उठली आणि ट्रंक रिकामी केली. ती गेल्यावर नीलाला काय सांगायचं ते कुणाला सुचेना. मग सांगितलं, आई कल्याणला गेलीय, बाळ आणायला.

"लहान होती गं ती," गोदाबाई म्हणाल्या. "म्हटलं, विसरेल."

सकाळी विश्राम सुरी आणि काथ्याचं गाठोडं घेऊन आला. सुमेधाने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. गोदाबाईंनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "या घराने त्यांना एकदा जाऊ दिलं नाही. आता हाकलून दिलं तर त्या एकट्या जाणार नाहीत."

गोदाबाईंनी पदर सावरला. त्या देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

६

वकिलांची कल्याणला तारीख होती. नीलाला आजीकडे सोडून या, हवापालट होईल, असं सुमेधाने सुचवलं आणि मीही येते म्हणाली. वकिलांना जरा नवल वाटलं. हेमाच्या आईकडे, विमलाबाईंकडे, ती अजून एकदाही गेली नव्हती. पण ते खूश झाले. ती पुढे न बसता मागे बसली हेही त्यांना आवडलं, म्हणाले, आज मी तुमचा ड्रायव्हर.

सुमेधा उजव्या दाराशी, नीला मध्ये, आणि डावी खिडकी रिकामी. निदान वकिलांना तरी रिकामी. गाडीला धक्का बसला की सुमेधाकडची सीट एकदा हिंदकळे आणि क्षणभराने तिकडची हिंदकळे. कळव्याचा पूल गेला, मिठागरं गेली, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा रस्त्याने गाडी मुंब्र्यावरून पुढे निघाली. नीला डावीकडे कलून झोपी गेली होती. सुमेधाने तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती सारखी तिकडेच पाहत होती.

शीळफाट्याला इंजिन तापलं. वकील डबा घेऊन पाणी आणायला एका घराकडे गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन बंद पडल्यावर गाडीत इतकी शांतता झाली की सुमेधाला श्वास ऐकू यायला लागले. आपला, नीलाचा, आणि ती पुढे मोजायला तयार नव्हती.  दार उघडून पळत सुटावं, असं तिला वाटलं. पण पोर मध्ये होती.

"मी तुम्हांला घरी पोचवतेय," ती समोर बघत हळू आवाजात म्हणाली. "हिला माझ्याकडे ठेवून जाल का?"

रेक्झीन कुरकुरलं नाही. काहीच झालं नाही. वकील पाणी घेऊन आले, गाडी पुन्हा सुरू झाली, आणि कल्याण येईपर्यंत सुमेधाला उत्तर मिळालं नाही.

पारनाक्याच्या आतल्या गल्लीत विमलाबाई दारातच उभ्या होत्या. निरोप आदल्या दिवशीच गेला होता. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचे तुकडे. लेकीच्या जागी आलेली ती लेकच, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेलं दिसलं. त्यांनी उतरलेल्या सुमेधावरून तुकडा ओवाळून टाकला. मग गाडीची डावी बाजू घराकडे होती, तिकडे वळून त्यांनी गाडीचं दार उघडलं. नीला जागी झाली होती, पण हलत नव्हती. तिच्यावरूनही तुकडा उतरवला.

"चल की गं सोन्या, उतर," विमलाबाई म्हणाल्या.

"आम्ही एकदम उतरणार," नीला म्हणाली.

विमलाबाईंचा हात तसाच राहिला. म्हातारीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. झोपेतल्या माणसासारखं त्यांनी आणखी एक तुकडा मोडला, वाकून तो त्या रिकाम्या जागेवरून ओवाळला आणि रस्त्यावर टाकला. पाणी फिरवलं. मग मागे सरून, पोटुशी लेक टांग्यातून उतरताना आई बोलेल त्या आवाजात त्या म्हणाल्या, "सावकाश गं. घाई नाही."

रेक्झीनने लांब श्वास सोडला. डाव्या बाजूची सीट वर आली, आणि तिच्यामागून गाडीची ती सगळी बाजूच, स्प्रिंगांसकट, अंगठाभर वर उचलली गेली. वकिलांचं लक्ष नव्हतं, ते बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. नीला सरकत सरकत बाहेर आली. तिचा एक हात वर होता, मुठीत काहीतरी धरलेलं. ती दोन पावलं दाराकडे गेली. सुमेधा गाडीला वळसा घालून तिच्यामागे आली होती. तिला धरावं म्हणून सगळा जीव हातात गोळा झाला होता, पण तिने धरलं नाही. नुसता हात पुढे करून उभी राहिली.

उंबऱ्याशी विमलाबाई अंग चोरून बाजूला झाल्या, कुणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तशा. नीलाचा हात वरच्या वर थबकला. मग मूठ उघडली आणि हात खाली आला. नीला उंबऱ्याच्या अलीकडे एकटीच उभी राहिली आणि आतल्या अंधाऱ्या माजघराकडे पाहत राहिली.

विमलाबाईंनी हातातला तांब्या पाहिला. "काय करत होते मी?" त्यांनी विचारलं. 

७

नीलाला आजीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण जेवण झाल्यावर ती आपणहून गाडीत येऊन बसली. दोन वाट्या वरणभात खाल्ला होता. विमलाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. वकिलांनी मागची सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं, बसली की नाही एकसारखी? विश्रामच्या हाताला जादू आहे. सुमेधा हो म्हणाली.

ऊन कलताना गाडी कल्याणच्या बाहेर पडली. नीला खिडकीशी बसली होती. सीट तिच्या वजनाने जेवढी दबायला हवी तेवढीच दबली होती.

"आई बाळंतपणाला गेली ना?" नीलाने विचारलं.

सुमेधा म्हणाली, "हो."

"बाळ झालं की परत येईल."

बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई परत येते, हे सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. मूल मांडीवर घेऊन येते. सासरचं माणूस तिला आणायला जातं.  सुमेधाला नाही म्हणायचं होतं, ते जिभेपर्यंत आलंही होतं. पण एकदा या मुलीशी खोटं बोलून झालं होतं, आणि खरं काय ते आता तिलाही ठाऊक नव्हतं.

नीला थोडी जवळ सरकली.

"मग तोवर मी तुझ्याजवळ राहू?"

"राहा," सुमेधा म्हणाली.

नीलाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. डोकं जड होतं, घामेजलेलं होतं, केसांत रस्त्याची धूळ होती. ठाणं येईपर्यंत सुमेधाने पाय हलवला नाही, आणि मागच्या काचेतून कल्याणच्या रस्त्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.